'अबाउंड' : एका क्रियापदाची कुळकथा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पनवेल येथें भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस फार वेळ विचार करावा लागला नाहीं. ज्या धर्मग्रामाचा इतिहास तुम्हीं स्वतः घडविला, तो तुम्हांसच पुन्हा सांगून दाखवावा हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शिवाय तें काम या पुस्तिकेंत इतरांनीं केलेंच आहे. आम्ही आज केवळ एका शब्दाविषयीं बोलणार आहों. शब्द इंग्रजी आहे, क्रियापद आहे, आणि तो आम्हांस एका दहा वर्षांच्या मुलीनें दिला.

गेल्या पावसाळ्यांत रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत या मुलीनें आपलें इंग्रजी पुस्तक आमच्यापुढें धरिलें आणि विचारिलें, "फादर, 'अबाउंड' म्हणजे काय?" आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "विपुल असणें." मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हें आजीला सांगितलें तर ती म्हणेल, मराठींत सांग." वर्गांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों; परंतु घरीं आल्यावर तें वाक्य मनांतून जाईना. आजीबाईंना 'विपुल' शब्द कळला नसता असें नव्हे. त्यांचा सारा जन्म पनवेलच्या बाजारपेठेंत मराठी बोलण्यांत गेला आहे. अडचण निराळी होती. आम्हीं दिलेल्या शब्दानें अर्थ कळत होता, पण डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं कोश काढून बसलों. जें सांपडलें तें आज तुमच्यापुढें ठेवितों.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत 'उन्दा' म्हणजे लाट. लाटेपासून 'उन्दारे', म्हणजे लाटा उसळणें, हें क्रियापद झालें. आणि त्यामागें 'आब', म्हणजे 'पासून, बाहेर', हा उपसर्ग लागून 'आबुन्दारे' असें रूप बनलें. लाटेनें उसळून कांठाबाहेर वाहणें हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेनें चौदाव्या शतकांत तें इंग्रजींत आलें. म्हणजे इंग्रज मनुष्य 'अबाउंड' म्हणतो तेव्हां, त्याला ठाऊक असो वा नसो, त्या शब्दाच्या पोटांत पाणी हालत असतें. कित्येक विद्यार्थी या शब्दाचे 'अ' आणि 'बाउंड' असे दोन तुकडे पाडितात आणि 'ज्याला सीमा नाहीं तें' असा अर्थ बसवितात. सेमिनरींत असतांना आम्हींही तो तसाच बसविला होता, आणि आमच्या लॅटिनच्या गुरुजींनीं आम्हांस सर्वांदेखत उभें केलें होतें. सीमा या अर्थाचा 'बाउंड' निराळा, उडी या अर्थाचा निराळा, आणि आपला हा निराळा. नादसाम्यावरून सोयरीक जुळवूं नये.

या लाटेचीं खरीं भावंडें इंग्रजींत दुसरीं आहेत. पूर या अर्थाचा 'इनंडेशन' हें सख्खें भावंड. 'सराउंड' म्हणजे आज वेढणें. पण तोही मुळांत 'वरून पाणी जाणें' असाच होता, आणि 'राउंड' या शब्दाच्या संगतीनें पुढें त्याचा अर्थ बदलला. 'रिडंडंट' म्हणजे उसळून परत आलेलें, गरजेपेक्षां जास्त झालेलें. इंग्लंडांत कारखान्यांतून कमी केलेल्या कामगारास हेंच विशेषण लावितात. आपल्यांतील जे बंधु तळोजाच्या कारखान्यांत आयुष्य घालवून एके सकाळीं फाटकाबाहेर उभे राहिले, त्यांना सांगावयास नको कीं एकाच लाटेनें कोणाचें अंगण भिजतें आणि कोण वाहून जातो.

आतां या शब्दाच्या कुळकथेंतील जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो सांगतों. मध्ययुगांतील लेखनिक हा शब्द लिहितांना पुष्कळदां त्याच्या आरंभीं 'एच' हें अक्षर जोडीत असत. उच्चारासाठीं नव्हे, त्यांना वाटे कीं हा शब्द 'हाबेरे' या लॅटिन क्रियापदापासून आला असावा, आणि 'हाबेरे' म्हणजे जवळ असणें, बाळगणें. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याच्या घरीं विपुलता, असा त्या बिचाऱ्यांचा सरळ हिशेब. फ्रान्सांत ही चूक झाली, इंग्लंडांत झाली, बराच काळ चालली. पुढें विद्वानांनीं तें अक्षर काढून टाकिलें. कागदावरची चूक दुरुस्त झाली. मनुष्याच्या मनांतून तें अक्षर गेलें आहे असें मात्र आम्हांस दिसत नाहीं. आजही विपुलता म्हटली कीं आपण कोठार पाहतों, तिजोरी पाहतों, किती सांठलें तें पाहतों. शब्द सांगतो कीं किती सांठलें तें नव्हे, कांठावरून किती गेलें तें पाहा.

इंग्रजींत हें क्रियापद वापरण्याची रीतही थोडी विलक्षण आहे. तें अकर्मक आहे. 'मी तांदूळ अबाउंड केले' असें कोणास म्हणतां येत नाहीं. ही क्रिया कोणी दुसऱ्या वस्तूवर करूं शकत नाहीं. शिवाय तें दोन्ही बाजूंनीं चालतें. 'खाडींत कोळंबी अबाउंड करते' असेंही म्हणतात, आणि 'खाडी कोळंबीनें अबाउंड करते' असेंही म्हणतात. पहिल्या वाक्यांत भरणारी वस्तु कर्ता आहे. दुसऱ्यांत भरलेली जागा कर्ता आहे. जागेच्या मागून 'इन' घ्यावें कीं 'विथ' घ्यावें याविषयीं व्याकरणकार बारीक भेद करितात. सामान्यतः गुण असेल तर 'इन', आणि जिवंत वळवळणारी वस्तु असेल तर 'विथ' कानाला बरें वाटतें. पण हा नियम नव्हे, सवय आहे. एकट्यादुकट्या वस्तूला तें लागत नाहीं. एक मासा कधीं अबाउंड करीत नाहीं.

आणखी एक गोष्ट. हें क्रियापद भलेंबुरें पाहत नाहीं. कृपा अबाउंड करते, तशाच अफवाही करितात. फळेंही करितात आणि डांसही. येथें मात्र मराठी भाषा इंग्रजीहून फार चोखंदळ आहे, आणि हा धडा आम्हीं कसा शिकलों तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. रविवारच्या प्रवचनाची तयारी आम्ही तेव्हां इंग्रजी पुस्तकावरून करीत होतों. पाप वाढलें तेथें कृपा त्याहून अधिक वाढली, हा संत पौलाचा रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील विचार आम्हांस मराठींत आणावयाचा होता. वेदीवरून आम्हीं मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, अशा ठिकाणीं देवाच्या कृपेचा सुळसुळाट होतो. मंडळी शांत बसून राहिली. आपले लोक सोशिक आहेत. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध कोळी बांधव आम्हांस दाराशीं भेटले, येशूची स्तुति म्हणाले, आणि अत्यंत नम्रपणें बोलले, "फादर, सुळसुळाट उंदरांचा होतो, चोरांचा होतो. देवाची कृपा का ढेकूण आहे?"

त्या दिवसापासून आम्ही हे शब्द कान देऊन ऐकूं लागलों. सुळसुळाट आणि बुजबुजाट नकोशा वस्तूंचा. रेलचेल खाण्यापिण्याची, सणावाराची. सुकाळ धान्याचा, कारण तो काळाचा शब्द आहे. यंदा आहे, पुढल्या वर्षीं नसेल. लयलूट ही देणाऱ्याच्या हातांतून होते. गर्दी अलोट असते, म्हणजे मागें लोटतां येत नाहीं अशी. महोत्सवाच्या दिवशीं आपल्या अंगणांत तीच होईल अशी आशा आहे. आयुष्य उदंड असतें. अमाप म्हणजे ज्यापुढें माप हरलें तें. 'मुबलक' अरबींतून फारसीच्या मार्गानें आपल्याकडे आला आणि 'विपुल' संस्कृतांतून. एक बाजारांत रमला, दुसरा पुस्तकांत राहिला. इतके शब्द आहेत. परंतु हीं बहुतेक नामें आहेत, विशेषणें आहेत. मुलीनें आम्हांस क्रियापद विचारिलें होतें. क्रियापदें शोधूं लागलों तर 'ओसंडणें' सांपडलें. तें सुंदर आहे, आणि लाटेच्या अगदी जवळचें आहे. दुसरें सांपडलें 'उतणें', आणि त्यापाशीं आम्ही थांबलों.

दूध उतूं जातें हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. दूध वाढलेलें नसतें. आंच लागून फुगलेलें असतें, आणि जें कांठाबाहेर जातें तें कोणाच्याही पोटांत जात नाहीं, चुलींत जळतें. म्हणूनच 'उतणें' याला मराठींत 'मातणें' हा सोबती मिळाला. व्रताच्या कहाण्या ऐकलेल्या आपल्या शेजारच्या हिंदु भगिनी हे दोन शब्द एका श्वासांत उच्चारितात, आणि तेथें ते वैभवानें फुगलेल्या माणसाविषयींच असतात. लॅटिनांतील लाटेला हा दोष कोणी लाविला नव्हता. मराठी मनुष्यानें कांठाबाहेर जाण्याचे दोन प्रकार ओळखिले: एक ओसंडणें, दुसरें उतणें.

आमच्या पनवेलास हा भेद परका नाहीं. जुने लोक सांगतात तें पनवेल भाताच्या शेतांचें, गिरण्यांचें, मिठागरांचें आणि बंदराचें होतें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईची आखणी झाली, आणि खाडीकांठच्या गांवांतील जमिनी गेल्या. २०१६ सालीं नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. शेतांच्या बदल्यांत घरांत पैसा आला. तो कोठें ओसंडला आणि कोठें उतला, हें त्या त्या घरांस ठाऊक. आम्ही न्यायाधीश नाहीं. ज्यांची जमीन गेली त्यांनीं मोबदल्याचा पैसा कसा खर्चावा याचा उपदेश, ज्यांची कधीं जमीनच नव्हती त्यांनीं करूं नये असें आमचें मत आहे. पाण्याचेंच पाहा. या तालुक्यावर वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गाढी नदी दुथडी भरून वाहते. आणि मे महिना आला कीं याच शहरांतील बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. पाऊस विपुल, पाणी नाहीं. येथें 'अबाउंड' शब्दाचा कर्ता कोणता, पाऊस कीं पनवेल, हें आम्हांस व्याकरणानें सांगतां येणार नाहीं.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिकांचा नवा करार १५८२ सालीं फ्रान्सांतील रेंस येथें छापला गेला. स्वदेशांत राहणें अशक्य झालेल्या इंग्रज धर्मगुरूंनीं तो लॅटिन प्रतीवरून केला, आणि लॅटिनांत जेथें जेथें 'आबुन्दारे' होतें तेथें तेथें बहुधा 'अबाउंड' ठेविलें. (त्याच्या तीनच वर्षें आधीं, १५७९ सालीं, विल्टशायरचा एक इंग्रज तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला होता. फादर थॉमस स्टीफन्स त्याचें नांव. त्यानें आपली मातृभाषा मागें ठेविली, मराठी आपलीशी केली, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण रोमन लिपींत छापून निघालें. 'अबाउंड' हा शब्द आईच्या मांडीवर ऐकलेला आणि मराठीचा दर्या पोहलेला असा तो पहिला मनुष्य असावा. हें येथें केवळ जातां जातां सांगितलें. पण मराठी ख्रिस्ती सभेंत त्याचें नांव न घेतां शब्दांविषयीं बोलणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.)

त्या लॅटिन प्रतींत हा शब्द कोणाच्या तोंडीं आला आहे तें पाहावें. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत उधळ्या पुत्र डुकरांमध्यें उपाशी बसला आहे आणि त्याला घर आठवतें. त्याला बापाचा वाडा आठवत नाहीं, अंगरखे आठवत नाहींत. आठवते ती चाकरांची भाकर. माझ्या बापाच्या घरीं चाकरांसाठींसुद्धां भाकर अबाउंड करते, अशा आशयाचें तो बोलतो. ध्यानांत घ्या, श्रीमंतीची खूण त्यानें मालकाच्या ताटांत पाहिली नाहीं. ज्यांचा त्या घरावर हक्क नाहीं त्यांच्या ताटांत पाहिली. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत याच ठिकाणीं 'अबाउंड' नाहीं. तेथें, पुरे होऊन वर शिल्लक राहील इतकी भाकर, अशा अर्थाचे साधे शब्द आहेत.

तें वाचलें आणि आम्हांस आपल्या घरचें क्रियापद सांपडलें. 'पुरून उरणें'. पुढल्या रविवारीं आम्हीं तें त्या मुलीला सांगितलें. तिनें घरीं जाऊन आजीला सांगितलें, आणि आजीबाईंचा निरोप आला कीं, "एवढेंच होतें, तर फादरांनीं आठवडाभर वाट कशाला पाहिली?"

विशेष हें कीं मूळ ग्रीक भाषेंत लाट नाहींच. तेथें 'पेरिस्सेउएइन' असें क्रियापद आहे. गरजेहून अधिक होणें, उरणें, हा त्याचा अर्थ. पांच हजारांना जेवूं घातल्यानंतर जे तुकडे शिल्लक राहिले आणि ज्यांच्या बारा टोपल्या भरल्या, त्या तुकड्यांविषयीं शुभवर्तमानकारांनीं हेंच क्रियापद वापरिलें आहे. त्या दिवशीं उरलें कधीं? सर्वांचें पोट भरल्यावर. पुरण्याआधीं उरवून ठेवणें याला दुसरा शब्द आहे, आणि तो आम्ही या मंगल प्रसंगीं उच्चारीत नाहीं.

विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट तुम्ही दरवर्षीं ऐकतां. तेथेंही लॅटिनांत हेंच क्रियापद आहे: इतरांनीं आपल्याजवळ जें उरत होतें त्यांतून टाकिलें. म्हणजे उरलेलें देणें ही त्या ठिकाणीं स्तुति नव्हे. तर मग उरणें चांगलें कीं वाईट? आम्हांसही हा प्रश्न पडला. याचें उत्तर आम्हांस संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत दिसलें, आणि तें व्याकरणाचेंच उत्तर आहे. मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयीं तो लिहितो, त्या वेळीं 'अबाउंड' या क्रियापदाचा कर्ता कोण आहे? धन नव्हे, धान्य नव्हे. कर्ता आहे त्यांचें दारिद्र्य. अत्यंत खोल दारिद्र्य उसळलें आणि औदार्य होऊन वाहिलें, असा त्या वाक्याचा भाव आहे. हें वाक्य आम्हीं लॅटिनांत वाचलें, इंग्रजींत वाचलें. विद्यार्थीदशेंत त्यावर निबंध लिहून चांगले गुण मिळविले. त्याचा अर्थ आम्हांस ज्यांनीं दाखविला त्या बाई निरक्षर होत्या.

ती हकीकत सांगून आम्ही बसणार आहों. ती आमच्या भूषणाची नाहीं.

२००५ सालच्या २६ जुलैचा पाऊस तुम्हांपैकीं पुष्कळांनीं अंगावर घेतला आहे. सांताक्रूझ येथें त्या दिवशीं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या रायगड जिल्ह्यांत महाड तालुक्यांत दासगांव आणि जुई येथें डोंगर घरांवर आले. आम्ही तेव्हां तिशींत होतों आणि जिल्ह्यांतील एका लहान धर्मग्रामांत काम करीत होतों. खालच्या वस्तींत छपरापर्यंत पाणी गेलें होतें. भांडीं गेलीं, अंथरुणें गेलीं, पावसाळ्यासाठीं भरून ठेविलेलें धान्य कुजलें. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत आमच्याकडे तांदुळाचीं पोतीं आलीं. साठ कुटुंबें होतीं. आम्हीं कागद घेतला, पोतीं मोजलीं, माणसें मोजलीं, आणि हिशेब बसविला: प्रत्येक कुटुंबास तीन पायल्या, सपाट माप. म्हणजे कोणास कमी नाहीं, कोणास जास्त नाहीं, आणि भांडण नाहीं.

तरुण मंडळींस सांगावयास हवें कीं पायली म्हणजे चार शेरांचें धान्याचें माप, आणि तिचें अर्ध तें अधोली. १९५८ पासून दशमान वजनेंमापें टप्प्याटप्प्यानें आलीं आणि पायली बाजारांतून गेली. घरांतून ती इतक्या लवकर गेली नाहीं. पायली दोन प्रकारांनीं भरतां येते. कांठावरून काठी फिरविली तर सपाट. न फिरविली तर कांठाच्या वर धान्याचा जो उंच ढीग राहतो त्यास शीग म्हणतात. आनंद शिगेस पोंचला असें आपण म्हणतों तें यावरूनच. मापावर शीग चढते तेव्हां कांहीं दाणे खालीं घसरतातच. दाबून, हालवून, वर ओसंडेपर्यंत भरलेल्या मापाविषयीं प्रभु येशू लूकच्या सहाव्या अध्यायांत बोलतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें बाजारांतील हीच गोष्ट असली पाहिजे.

माप घालण्यास आम्हीं एका वयस्क विधवा बाईंस बसविलें, कारण माप त्यांचें होतें, हात सराईत होता, आणि वस्तींत त्यांच्याविषयीं कोणाची तक्रार नव्हती. आम्हीं काठी त्यांच्या हातीं दिली आणि आंत नांवें लिहावयास गेलों. दोन तासांनीं बाहेर आलों तों पोतीं रिकामीं, आणि सात कुटुंबें पदर पसरून उभीं. काठी भिंतीशीं जशीच्या तशी. बाईंनीं आरंभापासून प्रत्येक पायली शिगेनें भरली होती. आम्हीं विचारिलें, "मावशी, काठी कां फिरविली नाहीं?" त्या म्हणाल्या, "फादर, ज्याचें सगळें पुरानें नेलें त्याला सपाट माप कसें घालूं?"

आम्हीं त्यांच्यावर ओरडलों. सर्वांदेखत ओरडलों. "या सात घरांना आज उपाशी झोपवा आणि त्यांना तुमच्या शिगेची गोष्ट सांगा," असें आम्ही म्हणालों. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पायली उचलली, पुतण्याला हांक मारिली, आणि गेल्या. घटकाभरानें परतल्या तेव्हां पुतण्याच्या डोक्यावर पोतें होतें. त्यांचें घर उंचावर असल्यामुळें पुरांतून वांचलेली ती त्यांची स्वतःची बेगमी होती. त्या पुन्हा खालीं बसल्या आणि सात घरांना माप घालूं लागल्या. सहांना तीन तीन पायल्या मिळाल्या. सातव्या घराच्या तिसऱ्या पायलीला पोतें झटकावें लागलें, आणि ती अर्ध्यावर राहिली. त्या घरची बाई "पुरे, मावशी, पुरे" म्हणत होती. त्याही मापांवर शीग होती.

आमचा हिशेब चुकीचा होता असें आम्हांस आजही वाटत नाहीं. सात घरें मागें राहणें हें वाईटच होतें, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर आम्ही पुन्हा काठी देऊं. तरीपण आम्हीं त्या बाईंची क्षमा मागावयास हवी होती, ती मागितली नाहीं. त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत त्या काय जेवल्या, कोठें जेवल्या, याची चौकशीही आम्हीं केली नाहीं. पुढें आमची बदली झाली. कांहीं वर्षांनीं त्या वारल्याचें कळलें, तेव्हां आम्ही अंत्यविधीस पोंचूं शकलों नाहीं. महिन्यानंतर त्यांच्या सुनेनें पुतण्याच्या हातीं एक गांठोडें पाठविलें. त्यांत ती पायली होती. निरोप कांहीं नव्हता.

ती आम्ही जेथें जेथें गेलों तेथें बरोबर नेली, आणि येथेंही आणिली. आज ती सभागृहांत त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेविली आहे. मुलांनीं हातांत घेऊन पाहावी, तिचा कांठ एके ठिकाणीं झिजला आहे तेवढा सांभाळावा. महोत्सवाच्या मिस्सेंत तांदुळाचें अर्पण तिनेंच होईल. माप भरण्याचें काम त्या मुलीच्या आजीबाईंनीं आपणहून मागून घेतलें आहे, आणि त्यांस काठी कोणी देऊं नये असें आम्हीं समितीस कळविलें आहे.